वाळुंजाची पानं

वहिनींनी सुपासाठी आणखी मूठभर पालक आणायला सांगितला म्हणून ती मागच्या दारानं बागेत उतरली. वाफ्याशी उकिडवी बसली, देठाशी बोटं घातली, आणि बोटांना काहीतरी ओळखीचं लागलं. काय लागलं ते डोक्याआधी बोटांना कळलं. अंगठ्यानं आणि तर्जनीनं आपोआप ते चिमटीत धरलं, उलटं केलं, मधल्या शिरेवरून नख फिरवलं. लांबट, निमुळतं, वाळलेलं पान. वरून तपकिरी, खालून राखाडी, पीठ चोळल्यासारखं. कडेला बारीक दाते. अशी हजारो पानं तिनं आजवर चिमटीत धरली होती, पाकिटांत भरली होती, दळली होती, आम्लात विरघळवली होती. पण ती इथं असायचं काही कारण नव्हतं. वाळुंज हे पाण्याकाठचं झाड. दादाच्या गल्लीत ते कुणाच्या दारात नाही. ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बंद पडलेल्या कारखान्यामागच्या पाणथळीत आहे, आणि तिथं ते तिनंच लावलेलं आहे. तिनं पालकाची रोपं बाजूला सारून पाहिलं. सगळ्या वाफ्यावर, मातीला ऊन लागू नये म्हणून अंथरतात तसा, पानांचा थर होता. खालची पानं कुजून काळी झाली होती आणि मातीत मिसळत चालली होती. पलीकडे भिंतीच्या कोपऱ्यात गुडघ्याएवढा ढीग होता, त्यावर जुनी चादर टाकलेली. तिनं पहिलं काय केलं, तर मागं वळून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. कुणी बघत तर नाही ना. नंतर तिला सगळ्यात आधी या वळून पाहण्याची लाज वाटली. पानं तिच्या हातात होती, आणि डोक्यात भावाचं घर नव्हतं, भाचीचं पोट नव्हतं, होती फक्त खिडकी.

ती मातीचं शिकली होती. प्रबंध मान्य झाला तेव्हा दादानं अख्ख्या गणगोताला फोन करून सांगितलं होतं की बहीण डॉक्टर झाली, पण माणसांची नव्हे हं, मातीची. पेशंट दगावला तरी नातेवाईक भांडायला येत नाहीत. तेव्हापासून ती डॉक्टरीणबाई. पेशंट म्हणजे ती पाणथळ. तिथल्या गाळात कॅडमियम होतं, जस्त होतं, कारखान्यानं वर्षानुवर्षं सोडलेलं. गाळ उपसून न्यावा तर नेणार कुठं, म्हणून झाडं. वाळुंजाच्या मुळांना जस्त हवं असतं, आणि कॅडमियम जस्ताच्या इतकं जवळचं की झाडाला फरक कळत नाही. भोळं झाड. जस्त समजून विष ओढतं, खोडातून वर चढवतं आणि पानांत नेऊन ठेवतं. मग पानगळ होते, आणि तिथं खरं काम सुरू होतं. पान खाली पडून कुजलं तर जे इतकी वर्षं गाळात खोल होतं ते वर येऊन बसतं, आधीपेक्षा वाईट. म्हणून झाडांखाली ताडपत्र्या पसरायच्या, पानं गोळा करायची, पोत्यांत भरायची, आणि पोती फाटकापाशी रचून ठेवायची, ट्रक येईपर्यंत. ट्रक ती लांब कुठल्याशा बंद भट्टीत नेतो. सगळं काम त्या पोत्यांवर उभं होतं. झाडं हे निम्मं, पोती हे निम्मं. पण लोकांना झाडं माहीत होती. पोती माहीत नव्हती, कारण पोत्यांविषयी ती कधी बोललीच नव्हती.

बोलायची ती झाडांविषयी. पहिल्या जाहीर सभेच्या आदल्या दिवशी तिनं कागदावर लिहिलं होतं, झाडं विष साठवतात. लिहून मोठ्यानं वाचलं तर ते गोदामासारखं वाटलं. साठवतात म्हटल्यावर लोक विचारणार, कुठं, किती दिवस, आणि मग पुढं काय. तिनं साठवतात खोडलं आणि पितात लिहिलं. झाडं विष पितात. सभागृहात एक म्हातारी डोळ्यांना पदर लावून बसली. वर्तमानपत्रानं ते वाक्य चौकटीत छापलं, शाळेतल्या मुलींनी त्यावर चित्रं काढली, आणि पुढं पुढं ती स्वतःही ते इतक्यांदा बोलली की तिला ते खरं वाटायला लागलं. खोटं तर नव्हतंच. अर्धं होतं. सुरुवातीला फाटकापाशी कवटीच्या चित्राची पाटी होती. आसपासच्या लोकांनी तक्रार केली की मुलं घाबरतात, घरं विकली जात नाहीत. पाटी काढायच्या कागदावर तिनंच सही केली आणि जागी दुसरी लावली, हिरवी, 'ही झाडं तुमची माती स्वच्छ करत आहेत' अशी. लोक सकाळी फिरायला येऊ लागले. बाकं आली. तिला बरं वाटलं, कारण कवटीखाली काम करताना तिला नेहमी आपल्याच घरातलं काही उघड्यावर पडल्यासारखं वाटायचं.

घरातलंच होतं ते. बाबा त्या कारखान्यात नटबोल्टांना मुलामा चढवायचे. पिवळसर चकाकी येईपर्यंत टाकीत बुडवायचे, बाहेर काढून धुवायचे, पुन्हा बुडवायचे. संध्याकाळी टाक्यांचा तळ पिंपात भरून मागच्या दारानं पाणथळीत ओतायचा, हे कामच होतं, कुणी चोरून करत नव्हतं. ती डबा द्यायला गेली होती एकदा. बाबांनी पिंप कलतं केलं, पाण्यावर एक तवंग हळूहळू पसरला, आणि तिनं विचारलं, हे कुठं जातं बाबा. खाली, ते म्हणाले, खाली गेलं की संपलं. त्यांच्या आवाजात जराही लपवाछपवी नव्हती. पुढं त्यांची हाडं दुखायला लागली, मग साध्या खोकल्यानं बरगडी मोडली, आणि तरी कारखान्याविषयी त्यांनी वाईट शब्द काढला नाही. शाळेत कुणी विचारलं तर ती सांगायची, वडील ऑफिसात असतात. भाषणांत ती कारखाना म्हणायची, जुनी पिढी म्हणायची, अज्ञान म्हणायची. बाबा म्हणायची नाही. दादा मात्र कुणालाही सांगायचा. नळदुरुस्तीला गेला की सिंकखाली आडवा होऊन, तोंडात पाना धरावा तसं वाक्य धरून ठेवायचा आणि बाहेर आला की बोलायचा, की ती पाणथळ आहे ना, बापानं घातलं आणि पोरीनं काढलं. त्याला यात लाज दिसायची नाही, हिशेब चुकता झालेला दिसायचा. तिला वाटायचं, हा एवढा मोठा माणूस, एवढं सोपं कसं काय बोलू शकतो.

वाफ्याशी बसून पाय भरून आले होते. आतून वहिनींनी हाक मारली, "वन्सं, पालक खुडताय की पेरताय?" आता उठून आत जायचं आणि सांगायचं, एवढंच करायचं होतं. रिकाम्या हातानं गेली असती तर वहिनींनी कारण विचारलं असतं, आणि कारण सांगावं लागलं असतं. तिनं पालक खुडला. मूठभर म्हणाल्या होत्या, तर मूठभरच, नीट निवडून, कोवळा. हात काम करत होते आणि ती त्यांच्याकडे परक्या बाईच्या हातांकडे बघावं तशी बघत होती. आत येऊन तिनं नळ सोडला आणि धुवायला लागली. एकदा धुतला, पाणी बदललं, पुन्हा धुतला, एकेक पान उलटंपालटं करून धारेखाली धरलं. धुऊन काही होत नाही हे तिच्याइतकं त्या शहरात दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल. ते पानावर नसतं, पानात असतं. आणि सगळ्या भाज्यांत पालकासारखी हावरी भाजी नाही, मातीतलं जे मिळेल ते उचलते. हे तिनं स्वतः वर्गात शिकवलं होतं.

"अहो पालक आहे तो," वहिनी म्हणाल्या, "साबण लावताय की काय?"

"माती फार आहे," ती म्हणाली.

"मातीला तुम्ही कधीपासून नाकं मुरडायला लागलात?" वहिनी हसल्या, तिच्या हातातून पालक घेतला आणि पातेल्यात टाकला. टाकताना त्यांनी तो चिरलाही नाही, नुसता मोडला. मग झाकण ठेवलं.

भाची टेबलाशी उशीला टेकून बसली होती. सातवा महिना. तिच्या अंगात रक्त कमी होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं की लोह वाढवा, पालेभाज्या द्या, म्हणून ती काही आठवडे आईबापांकडे राहायला आली होती, आणि दादानं पालकाचे वाफे एकाचे तीन केले होते. लेकीसाठी बाजारचा नको, घरचा, बिनविषारी. बिनविषारी हा शब्द त्यानं फोनवर वापरला होता आणि तिनं बरं केलंस म्हटलं होतं. आता भाचीच्या फिकट नखांकडे बघताना तिला आपलं शिक्षण नको तिथं आठवत राहिलं. अंगात लोह कमी असलं की आतडं घाबरं होतं, दिसेल ते धातू आत ओढतं. झाडाच्या मुळासारखंच, फरक कळत नाही. लोह हवं असतं, कॅडमियमही चालतं. म्हणजे घरातल्या चौघांत जिनं हे सगळ्यात कमी खायला हवं तिच्याच ताटात ते सगळ्यात जास्त वाढलं जात होतं, प्रेमानं, आग्रहानं, आणखी घे म्हणून. "आत्या, अशी काय बघतेस?" भाची म्हणाली. "फार सुजलेय का मी?" नाही गं, ती म्हणाली, गोड दिसतेस. मग ती शेजारच्या खुर्चीवर बसली आणि टेबलावरचा मिठाचा डाग ओल्या बोटानं पुसत राहिली.

थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण लहानपणी मुलांना बचत शिकवण्यासाठी सांगतात. मूत्रपिंडांना कुणी सांगावं लागत नाही. कॅडमियम एकदा आत गेलं की अर्धं आयुष्य मुक्कामाला राहतं. पण ती लगेच दुसऱ्या बाजूनंही बोलू लागली, स्वतःशीच, वकिलासारखी. पानं किती असतील, मातीत किती उतरलं असेल, पालकानं किती उचललं असेल, भाची येऊन किती दिवस झाले. आकडा लहान येत होता. काही होणार नाही. बहुधा काही होणार नाही. हे बहुधा तिनं दुसऱ्या कुणाच्या बाबतीत चालवून घेतलं नसतं. फाटकातून एक पोतं कमी गेलं तर तिनं ट्रकवाल्याला उभं केलं असतं. आणि इथं ती आपल्या भाचीच्या पोटातल्या मुलावर बहुधा टाकून बसली होती, डाग पुसत. तो डाग केव्हाच गेला होता.

पोतं कमी गेल्याचं तिला कधी कळलं कसं नाही? कळलं नसेलच असं नाही. तीन पानगळींपूर्वी एक फोन आला होता. तो तिला नीट आठवत नव्हता, म्हणजे नीट आठवत नव्हता असं तिनं ठरवलं होतं. सभागृहाच्या मागच्या खोलीत ती उभी होती, संस्थेतर्फे तिचा सत्कार होता, कुणीतरी खांद्यावरची शाल सारखी करत होतं, शेजारी खात्याचे प्रमुख उभे होते, बाहेर कुणाचं तरी भाषण संपून टाळ्या चालल्या होत्या. फोन दादाचा. तो पाणथळीशी फिरायला गेला होता. तो काहीतरी विचारत होता. ती म्हणाली, बरं बरं, मी नंतर बोलते. एवढंच. टाळ्यांत काय ऐकू येणार? नंतर ती बोलली नाही, त्यानंही विषय काढला नाही. त्यानं फाटकाबद्दल काही विचारलं असेल, बाकाबद्दल विचारलं असेल. टाळ्या फार होत्या. प्रत्येक वेळी ही आठवण आली की तिच्यात टाळ्या थोड्या वाढायच्या.

दादा अंघोळ करून आला, केसांतून पाणी निथळत, टॉवेल गळ्यात. "काय डॉक्टरीणबाई, बाग बघितली की नाही? चल, एक गंमत दाखवतो." ती त्याच्यामागून गेली. तो साठी ओलांडलेला, गुडघे गेलेला माणूस, पण बागेत शिरताना चपला काढत असे. कोपऱ्यातल्या ढिगावरची चादर त्यानं बाजूला केली, खाली हात घातला आणि आतली काळी भुसभुशीत ओंजळ वर काढून तिच्या नाकापाशी नेली. "वास घे. ओळख कशाची पानं."

"वाळुंज," ती म्हणाली.

"तुझीच." त्याचा चेहरा उजळला. "पहिल्या वर्षी नुसती पसरली. मग डोकं चालवलं. कोरडी होती ती पिंपात जाळली आणि राख टाकली वाफ्यात. राखेनं पालक कसा तरारला बघ. वर्षातून दोनदा देतो आता."

राख. राखेत सगळं एकवटतं, पोतंभर पानांचं मूठभर. म्हणून तर भट्टी बंद लागते. तिच्या आत सगळा हिशेब सरकला, लहान आलेला आकडा लहान राहिला नाही. आणि तोंडातून जे बाहेर पडलं ते हे नव्हतंच. ती म्हणाली, "पण तू तर दोनच पोती म्हणाला होतास."

दादा हसला. "आठवतंय तुला? मला वाटलं, ऐकलंसुद्धा नाहीस. फार गडबड होती तुझ्याकडे." त्यानं ओंजळ ढिगावर परत ठेवली, हळू, अंडी ठेवावीत तशी. "दोनच आणली होती पहिल्यांदा. मग म्हटलं, तू हो म्हणालीच आहेस, आणि पोती आपली पडूनच असतात. टेम्पोवाल्याला सांगून ठेवलं. दर पानगळीला चार-सहा आणतो."

ती तिथंच उभी राहिली. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, पण जीभ कधीकधी माणसापेक्षा प्रामाणिक असते. तिनं ऐकलं होतं. टाळ्या नव्हत्या, टाळ्या नंतर सुरू झाल्या. खोलीत चांगली शांतता होती आणि दादा स्वच्छ विचारत होता, फाटकाशी पोती पडलीत गं पानांची, दोन नेऊ का, वाफ्यांना घालीन. तिनं ऐकलं, आणि त्या एका श्वासात तिनं विचारही केला होता, हेच सगळ्यात वाईट होतं. नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागणार. पानात विष आहे म्हणून सांगायचं, तर तो विचारणार, झाड पितं ना मग? त्याला साठवतं सांगायचं. तो दहा घरी सिंकखालून बाहेर येऊन तेच बोलणार, की बहीण म्हणते ते खरं नाही, झाड पीत नाही. प्रमुख शेजारी उभे होते. शाल खांद्यावर होती. बाहेर तिच्या वाक्याचा मोठा फलक लावलेला होता. दोन पोत्यांनी काय होतंय, तिला वाटलं, आणि ती म्हणाली, ने रे दादा, मी नंतर बोलते. बाबांनी पिंप कलतं करताना त्यांना काही माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. एवढाच फरक होता बापलेकीत, आणि त्या फरकासाठी तिला शाल मिळाली होती.

"दादा," ती म्हणाली, "ती पानं..."

"काय?"

"जेवायला चला," आतून वहिनी. "सूप निवतंय."

तिला सुटल्यासारखं झालं. वहिनींनी बोलावलं, आता काय करणार, आत तर जायलाच हवं. दादानं पायावरची माती नळाखाली धुतली आणि तिच्यासाठी दार उघडं धरून उभा राहिला.

टेबलावर चार वाट्या होत्या. हिरवंगार सूप, वर साय. भात, उकडलेले बटाटे, दही. भाचीची वाटी सगळ्यांत मोठी. दादा नेहमीच्या खुर्चीवर बसला, वहिनी उभ्यानंच वाढत होत्या, लेकीच्या वाटीत आणखी एक पळी घालत होत्या. आता, तिला वाटलं. भाचीनं चमचा उचलला. आता. भाचीनं फुंकर घातली, चमचा तोंडात घेतला, डोळे मिटून गिळला. "मस्त झालंय आई." ती बघत होती. गिळताना भाचीच्या गळ्याची हालचाल झाली, ती बघत होती. दुसरा चमचा. कुणीतरी मीठ मागितलं, मीठ तिच्यापाशी होतं, तिनं ते पुढं सरकवलं. तिनं स्वतः आपल्या वाटीतलं सूप प्यायला सुरुवात केली, भराभर, तोंड पोळलं तरी, जणू आपण जास्त घेतलं तर दुसऱ्याच्या वाटणीचं कमी होईल. शाळकरी पोरीचा विचार. चौथा की पाचवा चमचा होता. भाची मध्येच थांबली, पोटावर हात ठेवून हसली, म्हणाली, "त्यालाही आवडलंय, लाथ मारतोय."

"ते पिऊ नकोस," ती म्हणाली.

आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. वहिनींची पळी थांबली. "का? काय पडलंय?"

"पडलं नाही काही. पालक... तो खायचा नाही. वाटी बाजूला ठेव बाळ. सगळ्यांनीच ठेवा." मग ती दादाकडे वळली, कारण दुसऱ्या कुणाकडे बघून हे सांगता आलं नसतं. "ती पानं वाफ्यात घालायची नव्हती दादा. राख तर नाहीच नाही. विष पानांत असतं."

दादाचा घास हातात होता. "पण झाड पितं ना?"

"पितं. पिऊन पानांत ठेवतं."

"ठेवतं?"

"हो."

"मग ते संपत नाही?"

"नाही," ती म्हणाली. "संपत नाही. म्हणून पोती भरतो. जाळायला नेतो लांब."

दादानं घास ताटात ठेवला. तो गणित मांडत असावा तसा टेबलाकडे बघत होता, इतकी वर्षं लोकांच्या घरी काय काय बोललो ते आठवत असेल, किंवा तीन वाफे आठवत असेल. भाचीनं वाटी दोन्ही हातांनी धरून हळूच दूर सारली. तिचा चेहरा उतरला होता. "किती?" तिनं विचारलं, "म्हणजे मला किती गेलं असेल, आत्या?" उद्या रक्त तपासू, ती म्हणाली, मी येते बरोबर, घाबरू नकोस, बहुतेक फार नसेल. तिनं बहुतेक म्हटलं आणि तिला स्वतःची किळस आली.

वहिनी इतका वेळ उभ्याच होत्या. त्यांनी पळी पातेल्यात टाकली. "अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही विचारलं होतं ना वन्संना? मला तर म्हणालात, विचारून आणलीत म्हणून."

दादानं वर पाहिलं. वहिनींकडे नाही, तिच्याकडे. अगदी क्षणभर. बागेतल्या त्या ढिगापाशी तो हसला होता तेव्हाचे डोळे हे नव्हते. त्याला सगळं कळलं होतं, दोन पोती, गडबड, तिनं आठवलेला शब्द न् शब्द. लहानपणी ती शाळेत वडील ऑफिसात असतात म्हणून सांगून यायची आणि मागून वर्गातल्या कुणी त्याला विचारलं तर तो मान डोलवायचा, हो, ऑफिसात. तसाच तो आता ताटाकडे बघत म्हणाला, "नाही. विचारलं नव्हतं. म्हटलं आपल्याच बहिणीची झाडं, विचारायचं काय."

"म्हणजे मला खोटं सांगितलंत?"

"सांगितलं खरं."

मग वहिनी बोलू लागल्या आणि थांबेनात. फुकट दिसलं की उचलायचं, जन्मभराची खोड, फाटके पाइप, मोडके नळ, आता ही पानं, आणि तीही पोटुशी लेक घरात असताना. दादा ऐकत होता. भाची बापाकडे बघत होती, आणि ते बघणं वहिनींच्या बोलण्यापेक्षा कडक होतं. "बाबा," ती शेवटी म्हणाली, "एक फोन करायचा होता तुम्ही आत्याला. एकच."

"चुकलं," दादा म्हणाला.

त्या घरात तिच्याइतकं शिकलेलं कुणी नव्हतं आणि तिच्याइतकं लहानही त्या क्षणी कुणी नसावं. तोंडात पालकाची तुरट चव होती. आपण बोललो नाही तर हे असंच राहील, ती स्वतःला सांगत होती. हा माणूस मरेपर्यंत लेकीच्या डोळ्यांत हेच वाचत राहील, मूल नीट जन्मलं तरी, आणि नाही जन्मलं तर. "दादानं विचारलं होतं मला," ती म्हणाली. "फोन केला होता त्यानं. मीच 'ने' म्हटलं."

वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू द्या वन्सं," त्या म्हणाल्या. "त्यांना पाठीशी घालायची सवयच आहे तुम्हाला. एवढं शिकलेल्या तुम्ही, तुम्ही कशाला असलं 'ने' म्हणाल? आणि तसं असतं तर आत्ता तरी कशाला थांबवलं असतंत?"

"नाही वहिनी, खरंच..."

"तिला कुठलं आठवतंय," दादा मध्येच म्हणाला, शांतपणे. "गडबडीत असते ती. मी नव्हतं विचारलं."

ती दादाकडे बघत राहिली. आणखी एकदा बोलायला हवं होतं. दिवस सांगायला हवा होता, शाल सांगायला हवी होती, प्रमुख शेजारी उभे होते ते सांगायला हवं होतं, मग विश्वास ठेवला असता त्यांनी. वाक्य तयार होतं. आणि त्या वाक्याच्या अलीकडे, तिला स्वच्छ जाणवलं, तिच्या पाठीतला ताण सैल पडत होता. एकदा सांगून झालं होतं. ऐकलं नाही तो त्यांचा प्रश्न. वहिनी वाट्या उचलून सूप मोरीत ओतायला गेल्या, दादा त्यांच्यामागून उठला, मोरीत नको, म्हणाला, पिंपात ओत, मी बघतो काय करायचं ते. पाठमोरा तो फार म्हातारा दिसला. भाचीनं टेबलावरून हात लांब करून तिचा हात धरला. हात गार होता, नखं फिकट.

"बरं झालं आत्या," भाची म्हणाली, "आज तू होतीस."

तिनं हात सोडवून घेतला नाही.